फ्लॉरेन्स तीन दिवसांत: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

इटलीतल्या फ्लॉरेन्सची सहल आखताना सगळ्यांत आधी सोमवार कुठे येतो ते बघा. उफिझी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा ही तिन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तीन दिवसांच्या मुक्कामात सोमवार आला तर लोक ज्यासाठी जातात तेच बघायचं राहतं. म्हणून सोमवार प्रवासात घालवायचा. शनिवारी रात्री बेळगाव सोडा, रविवार मुंबईत किंवा बेंगळुरात काढून रात्रीचं विमान पकडा. सोमवारी दुपारी रोम, संध्याकाळपर्यंत फ्लॉरेन्स. मंगळवार, बुधवार, गुरुवार पूर्ण हातात, शुक्रवारी परतीची वाट. खालचं सगळं या वेळापत्रकावर बेतलं आहे.

महिन्याचा पहिला रविवार सरकारी संग्रहालयांत फुकट असतो. मोह टाळा. आरक्षण नसतं, रांग तासन्‌तास चालते आणि आत चित्रापेक्षा डोकीच जास्त दिसतात.

कधी जायचं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टात पारा पस्तिशीच्या वर जातो, आणि दगडी गल्ल्यांत ती उष्णता रात्रीही उतरत नाही. १५ ऑगस्टच्या आसपास तिथली माणसं स्वतःच सुट्टीवर जातात, त्यामुळे छोटी खाणावळ, दुकान बंद सापडतं. नोव्हेंबर पावसाचा.

इथे सीमाभागातल्यांचा एक फायदा आहे. कर्नाटकातल्या शाळांची मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रासारखी दिवाळीला नाही. दसऱ्याची सुट्टी बहुतेक ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी चांगल्या हवेत पडते. दुपारी विशीच्या आसपास तापमान, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल एवढा गारवा. पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे सोबत यायचे असतील तर मात्र सुट्ट्या जुळत नाहीत. मग मे महिना धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडतो आणि पाच-साडेपाचलाच अंधारून येतं.

व्हिसा: खरा वेळ इथे जातो

लागतो तो शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), अल्प मुदतीचा. मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना शुल्क नाही. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतो. ऑक्टोबरात जायचं असेल तर जुलैत अर्ज गेलेला बरा. अपॉइंटमेंटच महिनाभर पुढची मिळते असं उन्हाळ्यात सर्रास होतं.

अर्ज कुठे द्यायचा ते राहत्या पत्त्यावर ठरतं. पुण्याला भाऊ आहे, मुंबईला मुलगी आहे म्हणून तिकडची वेळ घेऊन उपयोग नाही. तुमचा पत्ता कर्नाटकातला, तर कर्नाटकासाठी नेमलेल्या वकिलातीकडेच अर्ज जाणार. वेळ घेण्याआधी केंद्राच्या वेबसाइटवर आपला जिल्हा कुठे मोडतो ते बघा. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाने स्वतः जायचं असतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. आपल्या स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ म्हणून जो मिळतो तो याच मापाचा असेल असं नाही, तेव्हा माप सांगूनच काढा.

आता आपल्या भागातली अडचण. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’ असतं, नव्या आधारवर ‘बेळगावी’. २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, कागद तपासणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला असेलच असं नाही. अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ टाका: दोन्ही नावं एकाच शहराची. तसंच, शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरं आणि पासपोर्टवर नाव-वडील-आडनाव असं पूर्ण नाव, हा घोळ घरोघरी असतो. व्हिसासाठी पासपोर्टावरचंच नाव धरा. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल सगळीकडे तेच आणि त्याच स्पेलिंगमध्ये.

तिसरी गोष्ट कानडी कागदांची. शेतीचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला, विवाह नोंदणी कानडीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. दुकानदारांनी जीएसटी नोंदणी आणि व्यापार परवाना, नोकरदारांनी रजेचं पत्र आणि पगारपत्रकं, आणि सगळ्यांनीच आयकर विवरणपत्रं व बँकेचा उतारा द्यायचा. उताऱ्यात अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम दोन-तीन लाख जमा झालेले दिसले की संशय येतो. पैसे कुणाकडून घेतले असतील तर कुठून आले त्याचा कागद जोडा. नाहीतर निदान काही महिने आधीपासून खात्यात राहू द्या.

पक्कं विमानाचं तिकीट व्हिसा येण्याआधी काढू नका. नुसतं आरक्षण दाखवणं पुरतं. आणि इटलीबरोबर आणखी देश करणार असाल, तर ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो.

जायचं कसं

भारतातून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. फ्लॉरेन्सचा विमानतळ लहान, धावपट्टी आखूड. वारा किंवा धुकं असलं की विमान पिसा नाहीतर बोलोन्याला वळवतात आणि मग बसने आणून सोडतात. म्हणून रोमला उतरून रेल्वेने जाणं जास्त भरवशाचं. रोमच्या फ्युमिचीनो विमानतळावरून ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनवर सोडते, तिकीट १४ युरो. तेर्मिनीहून वेगवान गाडी दीड तासात फ्लॉरेन्सला.

या वेगवान गाड्या दोन कंपन्यांच्या आहेत: सरकारी ‘फ्रेच्चारोस्सा’ आणि खासगी ‘इतालो’. दोन्हींचे भाव बघा. विमानासारखे दर चढतात, महिना-दोन महिने आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. पण रोमहून फ्लॉरेन्सला जातानाचं तिकीट बदलता येणारं घ्या, कारण विमान दोन तास उशिरा उतरलं की स्वस्त तिकीट वाया. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. तुम्हाला हवं ते ‘सान्ता मारिया नोव्हेल्ला’. ‘रिफ्रेदी’ आणि ‘काम्पो दि मार्ते’ हीसुद्धा फ्लॉरेन्सचीच स्टेशनं, पण गावाबाहेर पडतात.

बेळगावपासून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला आहे. रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून त्याच सकाळचं विमान धरायचं गणित करू नका. सांब्र्याहून विमानाने जायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात आहेत का ते बघा. वेगळी काढली आणि पहिलं विमान चुकलं, तर पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही. पावसाळ्यात गोव्याच्या विमानतळावर जाणाऱ्यांनी चोर्ला घाटासाठी दोन तास जादा ठेवावेत.

युरोपात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. रांगेला तास-दीड तास धरा.

आरक्षणाचा क्रम

व्हिसा हातात आला की त्याच दिवशी बसून तीन तिकिटं काढा, याच क्रमाने: आधी कॅथेड्रलचा घुमट, मग उफिझी, मग अकादेमिया. मोठ्या माणसाला तिन्हींचे मिळून ८० युरोच्या आसपास लागतात. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तरी आठ हजार झाले. उफिझी आणि अकादेमियात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, फक्त आरक्षणाचे पैसे भरावे लागतात. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा.

तिकीट संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. गुगलवर वर दिसणाऱ्या पहिल्या दोन-तीन बहुतेक मध्यस्थांच्या असतात आणि तेच तिकीट दुपटीने विकतात.

घुमट आधी का, तर त्याच्या जागा सगळ्यांत कमी आणि वेळ ठरलेली. ‘ब्रुनेलेस्की पास’ घेतला की घुमट, जोत्तोचा मनोरा, बाप्टिस्टरी (बाप्तिस्मा देण्याची इमारत) आणि कॅथेड्रलचं संग्रहालय हे सगळं तीन दिवसांत बघता येतं, पण घुमटावर चढायची वेळ एकच. ती नंतर बदलता येत नाही, दहा मिनिटं उशीर झाला तर विनवण्या चालत नाहीत. सकाळची पहिली वेळ घ्या.

पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. विजापूरच्या गोल घुमटाचा मनोरा चढलेल्यांना जिना म्हणजे काय ते माहीत आहे. इथे चढ त्याहून बराच जास्त, आणि शेवटचा भाग घुमटाच्या दोन कवचांच्या मधून वाकत जातो. बाहेरची भिंत डोक्यावर कलत येते. समोरून उतरणारा आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं. गुडघे, हृदय किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर आजी-आजोबांना खालीच बसवा. पाठीवरची मोठी पिशवी वर नेऊ देत नाहीत.

पण हा मधला जिना म्हणजेच त्या घुमटाची खरी गंमत. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये जमिनीपासून लाकडी आधार न देता तो उभा केला. चढताना भिंतीकडे बघा: आडव्या विटांच्या मधेमधे उभ्या विटा घातलेल्या दिसतात, नक्षीसारख्या तिरप्या रेषेत वर चढत गेलेल्या. ओला चुना धरेपर्यंत वरचा थर आत घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा पाचर म्हणून काम करत. मोबाइल खिशात ठेवा आणि हात लावून बघा.

जोत्तोचा मनोरा ४१४ पायऱ्यांचा. फोटोसाठी तो जास्त बरा, कारण त्यावरून घुमट दिसतो. दोन्ही एकाच दिवशी चढू नका.

तीन दिवस

मंगळवारी सकाळी घुमट, मग कॅथेड्रलचं संग्रहालय. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संग्रहालय बंद असतं, मग ते बुधवारवर ढकला. बाप्टिस्टरीच्या बाहेर ज्या सोनेरी दारापुढे गर्दी फोटो काढते ती नक्कल आहे. गिबेर्तीचं मूळ दार या संग्रहालयात, काचेआड, निवांत बघायला मिळतं. बाप्टिस्टरीत छताच्या मोझेकची दुरुस्ती चालू आहे, आत परांची दिसली तर हिरमुसू नका. कॅथेड्रल आतून बघायला पैसे लागत नाहीत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस असला की प्रश्नच नाही, अडतात ते हाफ पँटवाले पुरुष.

बुधवारी सकाळी सव्वाआठला उफिझी. इथे दारावरच लोक चुकतात. इंटरनेटवर काढलेला कागद घेऊन थेट आत जायला बघतात. आधी तीन नंबरच्या दारावर जाऊन कागद दाखवून तिकीट घ्यायचं, मग समोरच्या बाजूच्या एक नंबरच्या दाराने आत. दोन नंबरची लांब रांग आरक्षण नसलेल्यांची. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरपर्यंत चालते. आत गेल्यावर जिन्याने सगळ्यांत वर जायचं आणि बघत खाली यायचं. बोत्तिचेल्लीची दालनं वरच, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात लागतात. तुम्ही पहिल्या वेळेला आलेले असाल तर आधी सरळ तिकडे जा, दहानंतर ‘व्हीनसचा जन्म’पुढे उभं राहायला जागा नसते. लिओनार्दो, मायकेलअँजेलो वरच्याच मजल्यावर, काराव्हाज्जो खालच्या. तीन तास पुरतात. त्याहून जास्त डोळे काम देत नाहीत.

दुपारी सान्ता क्रोचे: मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि माकियाव्हेल्ली तिघेही इथेच पुरले आहेत. सूर्यास्ताला मायकेलअँजेलो चौक. स्टेशनवरून १२ किंवा १३ नंबरची बस जाते. चौकात गर्दी फार. आणखी पाच-दहा मिनिटं चढून सान मिनियातोच्या चर्चपर्यंत गेलात तर तेच दृश्य निवांत दिसतं.

गुरुवारी सकाळी अकादेमिया, म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा. ५.१७ मीटर उंच, १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला. सिन्योरिया चौकात उभा आहे तो नकली, मूळ पुतळा १८७३ मध्ये आत हलवला. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर अर्धवट सोडलेले चार ‘कैदी’, म्हणजे पुतळे, आहेत. लोक डेव्हिडकडे बघत त्यांच्यासमोरून निघून जातात. थांबा: दातेरी छिन्नीचे ओरखडे दगडावर तसेच आहेत, आणि माणूस दगडातून कसा काढला जातो ते तिथेच कळतं. दीड तासात बाहेर पडता. व्हेक्क्यो राजवाडा गुरुवारी दुपारी दोनलाच बंद होतो, बघायचा असेल तर अकादेमियातून सरळ तिकडे. व्हेक्क्यो पूल वाटेत होतोच, १३४५ चा. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी बाकीचे पूल उडवले, हा तेवढा ठेवला. त्यावरच्या सोनारांकडे सोनं बहुधा १८ कॅरेटचं, आपल्या २२ च्या हिशेबाने भाव लावू नका.

पिसाचा मनोरा या तीन दिवसांत बसवू नका. चौथा दिवस असेल तर जा, गाडीने तासाभराचं अंतर.

छत्रपतींची छत्री

गुरुवारची दुपार मोकळी ठेवायची ती यासाठी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे.) हिंदू रीतीप्रमाणे संगमावर दहन हवं, म्हणून अर्नो आणि मुन्योने नद्या जिथे मिळतात तिथे अग्नी दिला गेला. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. राजवाडा बघितलेल्यांना छत्रीच्या कमानी ओळखीच्या वाटतील.

जागा काशीने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. विचारायचं तर ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’ म्हणा. टी-वन ट्रामने ‘काशीने’ थांब्यावर उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून तीनएक किलोमीटर सरळ चालत राहा. वाट सपाट आहे, सायकल भाड्याने घेतली तर आणखी सोपं. वाटेत दुकान नाही, पाणी सोबत ठेवा. १९७८ मध्ये झालेला तारांवर तोललेला मोठा पूल, ‘पोन्ते आल्लिंदियानो’, दिसायला लागला की आलात. अंधार पडल्यावर बाग निर्मनुष्य होते, तेव्हा चारपर्यंत तिथून निघा.

ट्रामचं तिकीट १.७० युरो, ९० मिनिटं चालतं. ट्राममध्ये चढल्यावर बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं. प्रत्येकाने आपापलं कार्ड टेकवावं, म्हणजे तपासनीस आला तर वाद नको.

खाणं

कुंदा नेऊ नका. तो आटवलेल्या दुधाचा, आणि बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. गोकाकचं करदंट, भडंग, शेंगदाण्याची चटणी, चकल्या न्या. चटणी सामानात टाका, हातातल्या पिशवीत तिखटाचं पुडकं उघडून दाखवायची वेळ येते.

शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, पण विचारून खावं. ‘पाप्पा आल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटो आणि पावाचं घट्ट सूप, ‘रिबोल्लिता’ म्हणजे घेवडा, काळा कोबी आणि पावाचं. रिबोल्लितात कधी मांसाचं पाणी असतं, म्हणून ‘सेन्झा कार्ने?’ विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन मंडळींनी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ म्हणावं. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात, ते कडक शाकाहाऱ्यांनी टाळावं. ‘लांप्रेदोत्तो’ म्हणजे गाईचं पोट आणि ‘बिस्तेक्का’ म्हणजे गोमांस, एवढे दोन शब्द पाठ असू द्या. पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, तोस्कानात पावात मीठ घालतच नाहीत.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त. पाणी विकत घेऊ नका, सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ नळ आहे, साधं आणि सोड्याचं दोन्ही फुकट.

राहणं आणि उरलेलं

स्टेशन ते सान लोरेन्झो या पट्ट्यात राहिलात तर सगळं पायी होतं. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, आरक्षणाआधी विचारा. हॉटेलात माणशी दर रात्री दर्जाप्रमाणे साधारण साडेतीन ते आठ युरो शहर कर वेगळा द्यावा लागतो. गाडी भाड्याने घेऊ नका, जुन्या शहरात परवानगीशिवाय शिरणाऱ्या गाडीचा कॅमेऱ्याने फोटो निघतो आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते. फोनपे-गुगल पेवर भिस्त नको, फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड ठेवा. स्टेशनवर तिकीट यंत्रापाशी ‘मदत’ करायला येणाऱ्याला हात जोडून लांब ठेवा. रस्त्यावर पसरलेल्या चित्रांवर पाय पडला की पैसे मागतात, खाली बघून चाला.

चामड्याची खरेदी करणार असाल तर अथणी-निपाणीकडच्या माणसाला शिकवायला नको, पण सान लोरेन्झोच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांवर ‘अस्सल’ म्हणून कायकाय खपवतात. पिशवीची कापलेली कड बघा. रंगाच्या जाड थराखाली ती लपवली असेल आणि आतून कापडासारखे धागे दिसत असतील तर सोडून द्या. सान्ता क्रोचेमागे चामड्याची शाळाच आहे, महाग पण तिथे माल बनताना दिसतो. एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी झाली तर करपरतीचा कागद मागा, पासपोर्ट दाखवावा लागतो. त्या कागदाची नोंद युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर होते. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून सामान आत देण्याआधी त्या खिडकीवर जा.